हवेला कडी

महाडच्या एस.टी. स्टँडवर गाडीची वाट पाहावी लागली, आणि ती लागतेच, तर फोनमधली वाय-फायची यादी उघडून वाचत बसावं. वर्तमानपत्राइतकाच वेळ जातो आणि गावाची खबर जास्त मिळते. सगळ्यात वर इंग्रजी अक्षरांचं आणि आकड्यांचं एक लांबलचक नाव असतं. राउटर बसवायला आलेल्या पोरानं जे ठेवलं तेच चालू आहे आणि घरात कुणाला ते बदलता येत नाही, एवढं त्यावरून समजतं. त्याखाली ‘जय शिवराय’. त्याखाली ‘जय शिवराय २’, म्हणजे त्याच घराचा वरचा मजला, किंवा वाटणी होऊन वेगळा झालेला धाकटा भाऊ. ‘आधी उधारी दे’ हे नाव दुकानदाराचं. ‘पोलीस कंट्रोल व्हॅन’ ज्याचं आहे तो पोलिसात नाही, हे अख्ख्या आळीला माहीत आहे. एका नेटवर्कचं नाव नुसतंच ‘नाही’ असं आहे. कुणी काही विचारायच्या आधीच मालकानं उत्तर देऊन ठेवलंय.

ही नावं बहुतेक रोमन लिपीत असतात, त्याबद्दल महाडकरांच्या मराठीप्रेमाला दोष देऊ नये. नेटवर्कच्या नावाला बत्तीस बाइटांची मर्यादा आहे. रोमन अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत प्रत्येक अक्षराला तीन, आणि काना, मात्रा, वेलांटी, पायमोडक्याची खूण यांना प्रत्येकी आणखी तीन-तीन. म्हणजे साहेबाच्या बत्तीस अक्षरांच्या ऐवजी आपल्या वाट्याला दहा खुणा. ‘रायगड’ आरामात बसतो. ‘सावित्री’ नदी बसते, ‘पोलादपूर’ही बसतं. पण महाडच्या ग्रामदैवताचं नुसतं ‘श्री वीरेश्वर’ एवढं नाव लिहिलं तरी हिशेब सदतीसवर जातो. ‘प्रसन्न’ तर लांबच राहिलं. छबिन्याला गाव मावत नाही इतकी गर्दी जमवणारा देव, पण राउटरच्या डब्यात त्याला जागा नाही.

असो. यादीतल्या जवळजवळ प्रत्येक नावापुढे कुलपाचं चिन्ह असतं. म्हणजे आमचा भाग सुरक्षिततेच्या बाबतीत जागरूक आहे. आता कुलपाची किल्ली काय असते ते पाहू.

पासवर्ड किमान आठ अक्षरांचा हवा, अशी अट आहे. त्यामुळे पिनकोड बाद झाला. महाडचा ४०२३०१, सहाच आकडे. नाहीतर तोच सगळ्यांनी ठेवला असता. मग उरतात तीन पर्याय आणि महाड-पोलादपूर या दोन्ही तालुक्यांत मिळून चौथा सहसा सापडत नाही. पहिला पर्याय मोबाइल नंबर. दहा आकडे, लक्षात ठेवायला सोपा. तो दुकानाच्या पाटीवर, बिलाच्या कागदावर आणि टेम्पोच्या मागच्या फळीवर रंगवलेला असतो. दुसरा पर्याय गाडीचा नंबर. एमएच ०६ पासून सुरू होणारी दहा अक्षरं अगदी मापात बसतात. गाडी अंगणात उभी असते, तिचं तोंड रस्त्याकडे. सरकारनं आता नंबरप्लेटसुद्धा हाय सिक्युरिटी केली आहे. पासवर्डला मिळालेली तेवढीच सिक्युरिटी.

तिसरा पर्याय म्हणजे ६ जून १६७४. राज्याभिषेकाची तारीख, मागे-पुढे ‘रायगड’ लावून, आणि मालक पुण्याला शिकून आलेला असला तर मध्ये एक ‘ॲट’चं चिन्ह. रायगड इथून पंचवीसएक किलोमीटरवर. चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात छापून आलेला हा पासवर्ड तालुक्यातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला पाठ असतो. परीक्षेत चुकला तर गुण जातात.

एवढं झाल्यावर कुणी म्हणेल, असू दे, चोर काय दारात उभा राहून एकेक नंबर टाकून बघणार आहे का? तो तसं करत नाही, हेच तर दुखणं आहे. आमच्याकडे गणपतीत जाखडी नाचते आणि शक्तीवाले-तुरेवाल्यांचा सवाल-जवाब रंगतो. एका बाजूनं गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्या बाजूनं गाण्यातूनच उकल करायची. दोघांनाही मूळ कथा माहीत आहे हे सभेला पटतं, पण कथा कुणी उघड सांगत नाही. फोन आणि राउटर पहिल्यांदा भेटतात तेव्हा असाच चार वाक्यांचा सवाल-जवाब होतो. राउटर एक मनमानी आकडा फेकतो, फोन आपला एक आकडा फेकतो, आणि पासवर्ड अजिबात न उच्चारता दोघं एकमेकांची खात्री पटवतात. फार सुंदर योजना आहे. फक्त हा सामना हवेत होतो, आणि हवेला तिकीट नाही. रस्त्यावर उभा असलेला तिसराच माणूस सगळं टेप करून घरी नेतो आणि सावकाश एकेक अंदाज लावून बघतो, कोणत्या पासवर्डनं ही उत्तरं जुळतात. त्याचं यंत्र मिनिटाला लाखो अंदाज सहज करतं. शिवाजी महाराजांची तारीख त्याच्या यादीत पहिल्या पानावर असते. तोही चौथी पास असतोच.

कुलूप बनवणाऱ्यांनी मात्र कष्टात कसूर केलेली नाही, हे सांगायला हवं. वाय-फायचं प्रमाण १९९७ साली ठरलं तेव्हा त्याच्यासोबत डब्ल्यूईपी नावाचं कुलूप आलं. तारेतून जितकी गुप्तता मिळते तितकी हवेतून देऊ, असं त्याचं आश्वासन होतं. आश्वासन देणाऱ्यांनी आमच्याकडची तार पाहिलेली नसावी. ती खांबावरून एकाच्या फणसावर, फणसावरून दुसऱ्याच्या पत्र्यावर आणि तिथून खिडकीच्या गजातून तिसऱ्याच्या घरात येते, आणि वाटेत तिच्यावर टॉवेल वाळत असतो. डब्ल्यूईपी त्या तारेच्याच लायकीचं निघालं. डेटाच्या प्रत्येक पुडक्याला बदलणारा त्यातला आकडा फक्त २४ बिटांचा, म्हणजे पावणेदोन कोटींच्या आतच संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारा, आणि त्यातले काही आकडे तर किल्लीचीच चहाडी करायचे. २००१ साली फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघा संशोधकांनी ते गणितानं सिद्ध केलं.

मग २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए टू आलं. ते बरीच वर्षं टिकलं, पण पाहुण्यांना पासवर्ड टाकायचा कंटाळा येतो म्हणून राउटरवर एक सोयीचं बटण आणि आठ आकडी पिन आला. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता. पण राउटर तो पिन चार-चारचे दोन तुकडे करून तपासायचा आणि शेवटचा आकडा नुसता पडताळ्याचा होता. २०११ च्या डिसेंबरात हे बाहेर आलं, आणि दहा कोटींचे अकरा हजार झाले. सोय करायला गेलं की असं होतं. २०१७ च्या ऑक्टोबरात मॅथी व्हानहूफ या बेल्जियमच्या संशोधकानं डब्ल्यूपीए टूच्या सवाल-जवाबातलं तिसरं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावून त्यातली फट दाखवली. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए थ्री आलं. त्यात सामना टेप करून घरी अंदाज लावत बसायची सोय ठेवलेली नाही.

म्हणजे पंचवीसएक वर्षं जगभरची हुशार डोकी या एका कडीवर काम करतायत. आणि इकडे आमच्या आळीत संध्याकाळी शेजारच्या घरातून हाक येते, “काकू, तुमचा पासवर्ड काय हो?” काकू चपाती लाटता लाटता स्वयंपाकघरातून अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात तो सांगतात, वर विचारतात, “लागलं का?”

नाही कसं म्हणायचं? विरजण मागायला आलेल्याला नाही म्हणत नाहीत, विळी मागायला आलेल्याला नाही म्हणत नाहीत. नेट तर दिलं तरी आपल्याकडे तेवढंच राहतं, असं वाटतं. तेवढंच राहत नाही, हे रात्री साडेनऊला सिरीयल गोल गोल फिरायला लागली की कळतं. पण तोवर उशीर झालेला असतो, कारण काकूंचा पासवर्ड शेजारच्या मुलानं मित्राला, मित्रानं चुलतभावाला आणि चुलतभावानं आळीच्या तोंडाशी असलेल्या मोरीच्या कठड्यावर बसणाऱ्या सगळ्या मंडळींना दिलेला असतो. गावात कुणाकडे चांगलं नेट आहे हे शोधायचं असेल तर यंत्र लागत नाही. रात्री मोटारसायकली कुणाच्या कुंपणाला लागून उभ्या आहेत ते पाहावं.

पासवर्ड बदलला जातो तो एकाच प्रसंगी, भांडण झाल्यावर. पूर्वी बांधावरून वाद झाला की पायवाटेवर काटेरी झुडूप टाकायचे. आता पासवर्ड बदलतात. शेजारच्या घरात एकाच वेळी चार फोन मुके झाले की त्या घराला कळतं, सकाळचं बोलणं मनाला लागलेलं आहे. तिसऱ्या दिवशी कुणीतरी मध्यस्थी करतं, चहा होतो, आणि दिलजमाई झाल्याची खूण म्हणून नवा पासवर्ड सांगितला जातो. बहुधा तो जुनाच असतो, शेवटी एक वाढवलेला.

बदलण्याचा कंटाळा समजण्यासारखा आहे. पासवर्ड बदलला की घरातला टीव्ही रुसतो, दारावरचा कॅमेरा आंधळा होतो, आजोबांच्या फोनवरचं कीर्तन थांबतं, आणि हे सगळं परत जोडणारा भाचा पुण्याला असतो. राउटरच्या पोटात शिरायचा आणखी एक वेगळा पासवर्ड असतो, हे तर फारच थोड्यांना ठाऊक. तो बहुतेक ठिकाणी कारखान्यातून आला तसाच असतो: नाव ‘ॲडमिन’, पासवर्डही ‘ॲडमिन’. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या एका व्हायरसनं जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते असल्याच कारखानी पासवर्डांची एक छोटीशी यादी वापरून. त्याला कुठलंही कुलूप तोडावं लागलं नाही. त्यानं किल्ली जिथे लटकत होती तिथून घेतली.

“पण आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?” हा महाडचा ठेवणीतला प्रश्न. याचं उत्तर मुंबईच्या वाटेवर, सानपाड्यात मिळतं. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. पन्नासहून जास्त माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला होता. पोलिसांनी त्याचा माग काढला तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपाशी येऊन थांबला. तिथे एक अमेरिकन गृहस्थ राहत होते. ईमेल त्यांनी पाठवलेला नव्हता. त्यांच्या वाय-फायला कुलूप नव्हतं आणि कुणीतरी ते बाहेरून वापरलं होतं. त्यांच्याकडेही चोरण्यासारखं फार काही नसेल. चोराला त्यांचं काही नको होतं, फक्त त्यांचा पत्ता हवा होता. पुढे ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका कॉलेजचं आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कंपनीचं नेट याच कामाला वापरलं गेलं. २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलीस उघडं वाय-फाय शोधत रस्त्यारस्त्यांनी फिरू लागले.

तेव्हा आमच्याकडे वाय-फाय म्हणजे नवी मुंबईत नोकरीला असलेल्या मुलाच्या बोलण्यात येणारा शब्द होता. आता तो घरोघरी आहे, पण सानपाडा कुणाच्या लक्षात नाही. कनेक्शन ज्याच्या नावावर, पोलीस पहिल्यांदा त्याच्या दारात येणार, ही साधी गोष्ट. मोरीच्या कठड्यावर बसलेल्यांपैकी कुणी काय पाहिलं, कुणाला काय पाठवलं, याची चौकशी काकूंपासून सुरू होईल. आणि काकू लाटणं हातात घेऊन सांगतील, “साहेब, मी फक्त पासवर्ड दिला.” माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमानुसार मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या नेटवर्कमध्ये शिरणं चालत नाही, हे खरं. पण इथे तर परवानगी खिडकीतून ओरडून दिलेली.

हा विषय एकदा चहाच्या टपरीवर निघाला. एका तरुणानं आवाज चढवून विचारलं, “ज्या गावानं देशाला सांगितलं की पाणी सगळ्यांचं आहे, त्या गावात वाय-फायला कुलूप? चवदार तळ्याच्या गावात?” टपरीवर सगळ्यांना ते पटल्यासारखं झालं. कोपऱ्यात बसलेले एक निवृत्त गुरुजी मात्र बशी खाली ठेवून म्हणाले, “तळं सार्वजनिक होतं रे. नगरपालिकेनं १९२४ सालीच ते सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला होता. तरी माणसांना पाणी घेऊ देत नव्हते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तिथलं पाणी प्यायले, ते हक्काचं. कुणाच्या घरात शिरून माठातलं नाही प्यायले. आणि पुढे दहा वर्षं कोर्टात लढून तो हक्क शाबीत करून घेतला. तुला फुकट नेट हवंय ना, मग नगरपालिकेकडे अर्ज कर. माझ्या राउटरवर कसला सत्याग्रह करतोस?”

टपरी शांत झाली. गुरुजींचं म्हणणं बिनतोड होतं. जे सर्वांचं आहे ते कुलपात ठेवायचं नाही, आणि जे घरचं आहे ते उघडं टाकायचं नाही. आपण नेमकं उलटं करतो. स्टँडवर, दवाखान्यात, तहसील कचेरीत जिथे चार गरजू माणसं तासन्‌तास बसतात तिथे नेट नाही, आणि काकूंचं नेट मोरीपर्यंत. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं पीएम-वाणी नावाची योजना मंजूर केली. तिच्यात टपरीवालासुद्धा वेगळा परवाना न काढता लोकांना वाय-फाय विकू शकतो, आणि वापरणाऱ्याला आधी आपली ओळख पटवावी लागते. हे गुरुजींनी समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्या तरुणानं टपरीवाल्याला हळूच विचारलं, “भाऊ, तुझा पासवर्ड काय आहे?”

पोलादपूरची गोष्ट थोडी वेगळी. पोलादपूर नाक्यावरचं गाव. एक रस्ता कशेडीकडून गोव्याला, एक आंबेनळी चढून महाबळेश्वरला, एक मागे मुंबईला. त्यामुळे तिथल्या हॉटेलांना पाहुण्यांची सवय जुनी आहे. भिंतीवर ‘आज रोख, उद्या उधार’च्या खाली वाय-फायचा पासवर्ड लिहिलेला असतो आणि वेटर विचारतो, “जेवणार, का नुसतं नेट?” मुंबईहून आलेली मंडळी गाडीतून उतरताना आधी फोन वर धरतात, मग पाय खाली ठेवतात.

अशा ठिकाणी एकाच नावाची दोन नेटवर्क दिसली तर त्यातलं एक हॉटेलाचं असतं. दुसरं कुणाचं, ते हॉटेलवाल्यालाही माहीत नसतं. वाय-फायला नाव ठेवायला ग्रामपंचायतीचा दाखला लागत नाही. कुणीही आपल्या डब्याला तेच नाव आणि तोच भिंतीवरचा पासवर्ड देऊ शकतो, आणि आपला फोन, जो एकदा जोडलेल्या नावावर आंधळा विश्वास टाकतो, तो जास्त जोरात ऐकू येईल त्याच्याकडे जातो. बँकेची आणि इतर बहुतेक संकेतस्थळं हल्ली आपलं बोलणं स्वतःच गुप्त लिपीत करतात, त्यामुळे मधल्या माणसाला मजकूर दिसत नाही. पण आपण कुठे कुठे गेलो त्याचा अंदाज त्याला येतो, आणि ‘नेट चालू करण्यासाठी इथे बँकेचा पिन टाका’ असं पान तो दाखवू शकतो. पिठलं-भाकरी येईपर्यंत फुकट नेट वापरायचं असेल तर बातम्या वाचाव्यात. पैसे पाठवायचे असतील तर आपलंच, मोबाइलचं, रेंज असेल तर.

रेंज असेल तर, हे पोलादपूर तालुक्यात गंभीर वाक्य आहे. डोंगरातल्या वाड्यांवर रेंजचा एक ठरलेला दगड असतो आणि त्याच्यावर उभं राहून लग्नंसुद्धा जुळवली गेली आहेत. अशा वाडीत एखाद्या घरी फायबर येऊन पोचली की ते घर वाडीचं होतं. मग गणपतीत चाकरमानी येतात. घरटी पाच-सहा फोन, दोन लॅपटॉप, एखादा ‘सुट्टी नाही, वर्क फ्रॉम होम आहे’ म्हणणारा. मंत्रपुष्पांजली संपते, प्रसाद वाटला जातो, आणि कुणीतरी पाहुणा देवासमोरच विचारतो, “नेटचा पासवर्ड?” घरमालक तो मखराच्या बाजूला कागदावर लिहून चिकटवतो, म्हणजे आरतीला येणाऱ्या प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगायला नको. विसर्जनाला मूर्ती जाते, चाकरमानी जातात. पासवर्ड मात्र मुंबई, ठाणे, विरारपर्यंत सगळ्यांच्या फोनमध्ये राहतो, पुढच्या वर्षी लवकर येण्यासाठी.

आमच्या भागात सायबर सुरक्षेवर व्याख्यान झालं की वक्ता हिरकणीची गोष्ट सांगतोच. संध्याकाळी रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून ती बाई कडा उतरून गेली. म्हणजे जगातली पहिली एथिकल हॅकर, असं म्हणून तो टाळ्या घेतो. पोलादपुरात व्याख्यान असेल तर तो उमरठच्या तानाजी मालुसऱ्यांकडे वळतो, ज्यांनी १६७० मध्ये कोंढाण्याचा कडा रात्रीतून चढून गड घेतला. एका तालुक्याची उतरणारी, शेजारच्या तालुक्याचा चढणारा. आम्हाला कुठलीच भिंत पुरेशी वाटू नये, असा आमचा इतिहास. पण हिरकणीच्या आख्यायिकेचा उरलेला अर्धा भाग वक्ता गडबडीत सोडून देतो. महाराजांनी तिला साडी-चोळी दिली, आणि ती जिथून उतरली त्या जागी बुरूज बांधून घेतला. ‘आपल्या रायगडावर कोण येतंय?’ असं म्हणून विषय सोडून दिला नाही. राउटरवर ‘अपडेट उपलब्ध’ असा निरोप येतो, तो म्हणजे कुणीतरी कडा उतरून दाखवल्यावर बांधायला आलेला बुरूज असतो. आपण गवंड्याला ‘नंतर या’ म्हणून बटण दाबतो.

तर करायचं काय? पासवर्ड लांब हवा, हे पहिलं. आठ ही किमान अट आहे, त्रेसष्ट अक्षरांपर्यंत मुभा आहे. एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले चार शब्द घ्यावेत: ‘घावणे छत्री मंगळवार बुजगावणं’. इतिहासाच्या कुठल्याच पुस्तकात हे एकत्र येत नाहीत. पासवर्ड रोमन लिपीत टाकावा लागतो, याचा इथे फायदाच होतो, कारण मराठी शब्दाचं स्पेलिंग प्रत्येक घराचं वेगळं असतं. एका ओळखीच्या घरी ‘फणस’ असा पासवर्डात शब्द होता. पाहुण्यानं विचारलं, “एफ, का पी-एच?” घरातल्या मुलानं एफ सांगितलं, सासूबाईंनी पी-एच, सून म्हणाली ‘शेवटी डबल एस आहे’. पाहुणा जेवून, झोपून, चहा पिऊन निघाला तरी जोडला गेला नव्हता. डब्ल्यूपीए थ्रीला जे जमवायला अख्खी समिती लागली ते एका कुटुंबानं एकमत न होऊन साधलं.

दुसरं, राउटरच्या पोटातला ‘ॲडमिन’ हटवावा, आठ आकडी पिनची सोय बंद करावी, डबा फार जुना असेल तर बदलावा. हे एकदाचं काम आहे. भाचा दिवाळीला येईल तेव्हा त्याला फराळाच्या आधी ते करायला लावावं, फराळानंतर तो झोपतो.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कारण ते आमच्या स्वभावाला धरून आहे. हल्लीच्या बहुतेक राउटरांत पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क सुरू करता येतं. नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. त्यावरून बाहेरचं नेट मिळतं, पण घरातला कॅमेरा, प्रिंटर, टीव्ही, कुणाचा लॅपटॉप यातलं काही दिसत नाही. वाटलं तर त्याचा वेग कमी ठेवता येतो, रात्री बंद करता येतं, आणि त्याचा पासवर्ड बदलला तर आजोबांचं कीर्तन थांबत नाही. पोलादपूरकडच्या एका आजीबाईंना नातवानं हे समजावलं आणि नाव काय ठेवू म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, “पडवी ठेव.” बारा बाइटांत बसलं. तेव्हापासून वाडीत कुणी नेट मागितलं तर आजी नाही म्हणत नाहीत, आणि माजघरात कुणी शिरतही नाही.

आमच्या लोकांना ‘कुणाला पासवर्ड देऊ नका’ असं सांगून काही होणार नाही. ते देणारच. दार लावून बसणं या मातीत जमत नाही आणि ते जमू नये, असंही वाटतं. पण देण्यासाठी वेगळी किल्ली करायला कुणाची हरकत आहे? तेव्हा वाचकहो, यंदा गौरी-गणपतीचं विसर्जन करून आलात की मखराशेजारचा कागद आधी फाडा आणि घरचा पासवर्ड बदला. त्यात गाडीचा नंबर नको, महाराजांची तारीख नको. उद्या कुणी नेट मागितलं तर पाहुण्यांचं द्या. पाणी मागितलं तर मात्र घरचंच द्या.